जबड्यातला हत्ती

माझं गाव परंडा, धाराशिव जिल्ह्यातलं. किल्ल्यामुळे लोकांना माहीत असलेलं. पण या किल्ल्यावरची सगळ्यात नामांकित वस्तू आज गावात नाही. मलिक-ए-मैदान ही तोफ १६३२ साली आदिलशाही फौजेनं परंड्याहून विजापूरला नेली आणि शेरझा बुरुजावर चढवली. लांबी चौदा फुटांच्या आसपास, वजन सुमारे ५५ टन. चारशे वर्षं होत आली, तरी मी अजून तिला ‘आमची तोफ’च म्हणतो.

मागच्या वर्षी भाच्याला ती दाखवायला घेऊन गेलो. तोफेचं तोंड म्हणजे एका अक्राळविक्राळ प्राण्याचं डोकं आहे. सिंह म्हणावा तर सिंह नाही, मगर म्हणावी तर मगर नाही. जबडा वासलेला, दात बाहेर आणि त्या दातांत सापडलेला हत्ती. पोरगा पाहतच राहिला आणि म्हणाला, “मामू, ये तो एलियन दिखरा!”

पोराची नजर पक्की होती. रिडली स्कॉटचा ‘एलियन’ १९७९ साली आला. त्यातल्या प्राण्याचं तोंड उघडतं, तेव्हा आत आणखी एक छोटा जबडा असतो आणि तोच पुढे झेपावतो. आमच्या तोफेतही उघड्या जबड्याच्या आत दुसरं तोंड आहे, नळीचं काळं भोक. तिथून मरण बाहेर पडायचं. भीती दाखवायची युक्ती दोन्हीकडे सारखीच.

हॉलिवूडनं विजापूरची नक्कल केली, असं मी म्हणणार नाही. ‘एलियन’चा प्राणी रेखाटणारा एच. आर. गिगर स्वित्झर्लंडमधल्या चूर या गावचा. तिथल्या संग्रहालयात त्यानं लहानपणी इजिप्तची ममी पाहिली आणि ती त्याच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. इजिप्तची प्राचीन कला त्याच्या चित्रांत पुढे वारंवार दिसते. ‘एलियन’च्या सुरुवातीच्या पटकथेत तर परग्रहावर एक पिरॅमिडच होता. त्याच्या भिंतींसाठी गिगरनं चित्रलिपीही काढली होती, पण खर्च वाचवायला तो भाग गाळला गेला. पुढे १९९४च्या ‘स्टारगेट’मध्ये इजिप्तचे देव थेट परग्रहवासी होऊनच आले. म्हणजे ‘पूर्णपणे नवा’ वाटणारा प्राणीही जुन्या कलेच्या पोटातूनच जन्मतो.

आपल्याकडे ही परंपरा काही कमी नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आहे. कुठे त्याच्या पंजाखाली हत्ती, कुठे तोंडात, कुठे शेपटीत. ‘मुसलमानांत चित्र नाही’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी तेराव्या शतकातल्या झकरिया अल-कझवीनीचा ‘अजायब-उल-मखलूकात’ हा ग्रंथ आठवावा. निर्मितीतल्या नवलांचा तो कोशच. त्याच्या सचित्र प्रती शतकानुशतकं निघत राहिल्या. आणि विजापुरातच १५७०च्या सुमाराला ‘नुजूम-उल-उलूम’ तयार झाला. अली आदिलशाह पहिला याच्या नावाशी जोडलेला हा ग्रंथ आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात ग्रह-ताऱ्यांच्या आणि ‘रूहानी’ शक्तींच्या विलक्षण आकृती आहेत. भारतीय, इराणी, तुर्की कल्पना एकाच पानावर नांदताना दिसतात. आकाशातले जीव कसे दिसत असतील, या प्रश्नाला दकननं दिलेलं ते उत्तर आहे.

इथवर सगळं आनंदाचं. अडचण होते ती गंगा उलटी वाहवली की. १९६८ साली एरिक फॉन डेनिकन यानं पुस्तक लिहून मांडलं की, प्राचीन काळी परग्रहवासी पृथ्वीवर आले होते. त्याचे वारसदार आज व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतात की, वेरूळचं कैलास लेणं एलियननी कोरलं. वास्तविक राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, माणसांनी ते वरून खाली कोरत आणलं. दगडावर छिन्नीचे घाव अजून आहेत. बडोद्याला सापडलेल्या इ.स. ८१२च्या ताम्रपटात त्याचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते मंदिर पाहून थक्क झाले आणि खुद्द ते घडवणाऱ्यालाही, आपण हे कसं केलं, याचं नवल वाटलं, असा त्याचा आशय. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळत होतं की, आकाशातल्यांनी चकित व्हावं असं काम जमिनीवरचे हात करतात. आपण मात्र ते श्रेय आकाशातल्यांना देऊन मोकळे होतो.

मला यात नुसतं अज्ञान दिसत नाही. कारागिराचं नाव पुसायची ही एक सोपी पद्धत आहे. ‘एलियन’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थच मुळी ‘परका माणूस’. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मसुद्यात अनुच्छेद २२ मध्ये तो याच अर्थानं येतो, शत्रुराष्ट्राच्या नागरिकासाठी. दकनच्या दरबारात त्यासाठी ‘आफाकी’ हा शब्द होता. परंड्याचा किल्ला ज्यानं बांधला असं मानतात, तो महमूद गावान इराणातल्या गीलानचा आफाकी. १४८१ साली दरबारी कटात त्याचा बळी गेला. अहमदनगर पडल्यावर १६०० साली परंड्यात निजामशाही पुन्हा उभी करणारा मलिक अंबर हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. आणि १५४९ साली अहमदनगरला आमची तोफ ओतणारा महंमद हा रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला. आपल्या शब्दांत सांगायचं तर ओतारी. त्याचं नाव तोफेवर कोरलेलं आहे. सिंह-हत्तीची कल्पना इथली, धातू ओतण्याचं कसब त्याचं. परका आणि इथला अशी फाळणी त्या धातूत करून दाखवता येईल का?

गिगरच्या त्या भयानक प्राण्याच्या आतही माणूसच होता. बोलाजी बडेजो, लंडनमध्ये कलेचं शिक्षण घेणारा उंचच उंच नायजेरियन तरुण. पडद्यावर त्याचा चेहरा एकदाही दिसला नाही.

आज ‘तुम्ही बाहेरचे’ हे वाक्य आमच्या मुलांना शाळेत ऐकावं लागतं. भाच्यालाही लागलंय. त्याला मी गावान, अंबर आणि त्या ओताऱ्याची नावं पाठ करायला लावली आहेत. कैलास लेण्याचा तो व्हिडिओ आता कुणी पाठवला की, तो उत्तरादाखल कृष्ण राजाचं नाव आणि छिन्नीच्या घावांचा फोटो पाठवतो.