दोन टक्के

फेब्रुवारी संपत आला की आमच्या घरात कुणी कुणाला "कसं काय" असं विचारत नाही. "रात्री किती?" आणि "दिवसा किती?" एवढंच. रात्री उणे चार-पाच आणि दिवसा अधिक पाच-सहा असं उत्तर आलं की नवरा मुकाट्याने गॅरेजमध्ये जाऊन गिरमिट शोधायला लागतो. (इकडे सगळा कारभार फॅरनहाइटमध्ये, पण इथे वाचणारी निम्मी मंडळी घरचीच आहेत आणि त्यांची डोकी उगाच दुखायला नकोत, म्हणून सेल्सिअस.)

तर मंडळी, आम्ही मेपलचा पाक करतो. हौस म्हणून. पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या या डोंगराळ गावात घर घेतलं तेव्हा आवारात नऊ शुगर मेपल आहेत हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. ऑक्टोबरात लाल-केशरी होणारी झाडं, एवढीच ओळख. शेजारचे आजोबा एकदा कुंपणाशी येऊन म्हणाले, "एवढा रस फुकट घालवताय?" त्यांनीच २०११ साली पहिलं भोक पाडायला शिकवलं.

करायचं फार काही नसतं. खोड निदान २५-३० सेंटिमीटर व्यासाचं हवं. त्यात कंबरेच्या उंचीवर आठ मिलिमीटर रुंद आणि चार-पाच सेंटिमीटर खोल भोक पाडायचं, आतून बाहेर किंचित उतरतं, म्हणजे रस आपोआप खाली येतो. त्यात तोटी हलकेच ठोकायची, खाली बादली टांगायची, वर झाकण. दिवस चांगला असेल तर तोटी ठोकण्याआधीच गिरमिटाच्या पात्यावरून थेंब ओघळायला लागतात. पहिल्या वर्षी मी बोटावर घेऊन चाखला. पाणी! जरासं गोडसर, नारळपाण्याच्या चुलतभावासारखं पाणी.

हा रस का वाहतो याची गंमत मला आजही वाटते. बहुतेक झाडांच्या लाकडातले तंतू पाण्याने भरलेले असतात, मेपलच्या तंतूंमध्ये मात्र हवा असते. रात्री थंडीने खोड गोठायला लागलं की ती हवा आकसते आणि झाड खालून पाणी वर ओढून घेतं. दिवसा ऊन पडून बर्फ वितळला की दाबलेली हवा फुगते आणि रसाला बाहेर ढकलते. म्हणून रात्री गोठायलाच हवं आणि दिवसा वितळायलाच हवं. सलग थंडी असली तर बादल्या कोरड्या, सलग ऊब असली तरी कोरड्या. रसातली साखर असते ती गेल्या उन्हाळ्यात पानांनी केलेली. झाडाने ती पिठूळ रूपात खोडात साठवून ठेवलेली असते, पुढच्या पालवीसाठी. त्यातला थोडा वाटा आपण मागून घ्यायचा.

मागून घ्यायचा, असं मी लिहिलं खरं, पण विचारतो कुठे आपण. झाडाची जखम भरून येत नाही. बाहेरून भोक दोन-तीन वर्षांत बुजतं, पण आतला तो पट्टा, भोकाच्या वर आणि खालीसुद्धा, झाड कायमचा बंद करून टाकतं. त्यातून पुन्हा कधी रस वाहत नाही. दर वर्षी नवं भोक जुन्यापासून लांब, कोऱ्या लाकडात पाडावं लागतं. म्हणून आम्ही मोठ्या झाडांनाच दोन तोट्या लावतो, बाकीच्यांना एक. रस्त्याकडेच्या म्हाताऱ्या मेपलला तर आता लावतच नाही. हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, ते मुळांशी मुरतं. त्याचा शेंडा विरळ झालाय. त्याने स्वतःपुरतं जगावं.

सगळ्या तोट्या मिळून चौदा. एकीमागे हंगामात साधारण चाळीस लिटर रस, त्याचा पाक एक लिटर. हिशेबाची एक सोपी युक्ती आहे: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागायचं. आमच्या झाडांचा रस दोन टक्क्यांचा, म्हणजे त्रेचाळीस लिटरला एक. बाकीचं बेचाळीस लिटर पाणी हवेत उडवायचं. मागच्या अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यांची चूल मांडली आहे, तिच्यावर हॉटेलात वापरतात तसे स्टीलचे चार चौकोनी ट्रे. धडधडून जाळ लावला तरी तासाला वीस-पंचवीस लिटर पाणी उडतं. घरात हा उद्योग करू नये. एवढी वाफ भिंतीवरचा कागद सोडवते. आणि रस साठवून ठेवायची सोय नाही, दुधासारखा नासतो. बर्फात बादल्या पुरून दोन-चार दिवस काढता येतात, बस. लाकडं, वेळ, धुराने लाल झालेले डोळे हे सगळं धरलं तर दुकानातला पाक स्वस्त पडतो. हे मला सांगायची गरज नाही, आई दर वर्षी सांगते.

आई-आबा एरवी उन्हाळ्यात यायचे. २०१६ साली तिकिटांच्या काहीतरी भानगडीमुळे मार्चमध्येच आले. आबा तेव्हा एकाहत्तरचे. घरातल्या हीटरसमोर शाल पांघरून बसायचे आणि खिडकीतून बर्फ बघायचे. बोलणं जेवणापुरतं. आम्ही बाहेर चूल पेटवली तेव्हा तेही टोपी-हातमोजे घालून आले. मी मोठ्या कौतुकाने कपात रस दिला.

"हे पाणीच की गं!"

"दोन टक्के साखर असते आबा."

"दोन टक्के?" त्यांनी ट्रेकडे पाहिलं, लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं. "उसाच्या रसात ह्याच्या आठ-दहा पट असते. आणि ह्या पाण्यासाठी एवढं जळण?"

आमच्या घरच्यांना माहीत आहे, इतरांसाठी सांगते. गावी, पंचगंगेच्या काठाला, आमचं गुऱ्हाळ होतं. मी लहानपणी मे महिन्यात गावी जायचे तेव्हा ते बंद असायचं, म्हणून माझ्या आठवणीत फक्त पालथी घातलेली भली थोरली काहील आहे आणि तिच्याखाली लपलेली मांजराची पिल्लं. आबा नोकरीला पुण्यात, शेती आणि गुऱ्हाळ थोरल्या तात्यांकडे. १९८८ साली तात्यांनी गुऱ्हाळ मोडलं, ऊस कारखान्याला घालायला लागले आणि काहील मोडीत विकली. आबांना न विचारता. त्यानंतर आबा गावी जायचे ते लग्नाला नाहीतर मयताला. दोघं भाऊ एका पंगतीत जेवायचे, पण एकमेकांशी सरळ वाक्य नाही. "त्यांना वाढा" असं तिसऱ्याला सांगायचं. आम्हा पोरांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की विचित्रही वाटत नसे.

तर त्या दिवशी आबांनी पहिल्या अर्ध्या तासात नवऱ्याच्या हातातून चिमटा काढून घेतला. "जाळ एकसारखा पाहिजे. असा भसाभसा सारायचा नसतो." मग तेच सारत बसले. दुपारी शेजारचे आजोबा आले. रस वर फुगून ट्रेबाहेर यायला लागला तेव्हा त्यांनी खिशातून लोण्याचा तुकडा काढून टाकला आणि फेस क्षणात खाली बसला. आबांचे डोळे चमकले. "विचार त्यांना, तेल चालतं काय? आम्ही शेंगतेलाचे थेंब टाकायचो." मी दुभाषी. आजोबा म्हणाले, चालेल की, वंगण कुठलंही चालतं. मग आबांनी मळी काढायला रानभेंडीच्या खोडाचा चीक कसा वापरतात ते सांगितलं. त्यासाठी फ्रीजरमधली भेंडी चालेल का, हेही विचारून झालं. आजोबांनी त्यांना उलट लोकरीची गाळणी दाखवली. मेपलच्या पाकात शेवटी वाळूसारखा बारीक गाळ सुटतो, आटताना सुटणारे क्षार असतात ते. गरम असतानाच गाळायचा, नाहीतर दाताखाली कचकचतो.

पाक झाला कधी म्हणायचं, यावर तिघांचं जमेना. माझा थर्मामीटर: पाणी उकळतं त्याच्यावर चार अंश गेलं की झालं, म्हणजे सुमारे १०४. आजोबांचा झारा: पाक थेंबाथेंबाने न पडता पदरासारखा पसरून सुटला की झालं. आबांचं वाटीतलं गार पाणी: त्यात टाकून बोटाने बघायचं. आई खिडकीतून ओरडली, "एकतारीच्या अलीकडे काढा, म्हणजे मिटलं!" मिटलं. बरोबर तिथेच तो आकडा येतो.

आजोबांनी त्या दिवशी एक जुनी गोष्ट सांगितली, मी नंतर वाचूनही काढली. युरोपातले लोक इथे यायच्या आधीपासून अबेनाकी, अनिशिनाबे अशा इथल्या मूळ लोकांना मेपलची साखर करता येत होती. पुढे १७९० च्या दशकात काही अमेरिकी मंडळींनी असा घाट घातला की उसाची साखर गुलामांच्या घामाची, तर आपण मेपलची खाऊ. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन रश या डॉक्टरने थॉमस जेफरसनला यावर मोठं पत्र लिहिलं. जेफरसनने १७९१ साली व्हर्जिनियातल्या आपल्या माँटिचेलोच्या मळ्यात शुगर मेपल लावलेसुद्धा. तिकडच्या हवेत प्रयोग फसला. तो मळाही गुलामच राबून चालवत होते, ही गोष्ट जेफरसनच्या हिशेबात कशी बसत होती कोण जाणे. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुलवाणापुढं कोण बसतं ते मालक कधी बघत नाही."

तेव्हा मला वाटलं, ते जेफरसनबद्दलच बोलतायत.

रात्री नऊच्या सुमारास नवरा मुलीला झोपवायला आत गेला. शेवटच्या ट्रेमध्ये दीड बोट पाक उरला होता आणि अशा वेळी नजर हटवून चालत नाही, शेवटच्या दहा मिनिटांत करपतो. आबा विस्तवाकडे बघत म्हणाले, "तात्यानं काहील विकली तेव्हा मी त्याला फार बोललो होतो. वडिलांची काहील, असं तसं." बराच वेळ काही नाही. मग, "मी पुण्यात पंख्याखाली. तो एकटा होता. गुळव्या मिळत नव्हता, गडी मिळत नव्हते. रात्र-रात्र तोच सारायचा." एक लाकूड पुढे ढकललं. "आज दिवसभर बसलो तर पाठ मोडली माझी."

मी काही बोलले नाही. पाक उतरवायचा होता.

त्या हंगामात आबा तीन आठवडे चुलीपाशी होते. सुरुवातीचा पाक फिक्या सोन्यासारखा निघतो, हंगाम सरकेल तसा गडद होतो. आबांना तो शेवटचा, काळपट, जरा धुरकट आवडला. आईने घावनाबरोबर वाढला तेव्हा डोळे मिटून म्हणाले, "आता कुठं काकवी लागली." मग कळ्या फुगायला लागल्या. तेव्हा रसाला एक उग्र वास येतो, की समजायचं झाड आता स्वतःच्या कामाला लागलं. तोट्या काढायच्या. दर वर्षी हे वेगवेगळ्या तारखेला होतं. २०१२ साली तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच पंचवीसच्या वर पारा गेला आणि सगळं चार दिवसांत आटोपलं होतं. अलीकडे आजोबा जानेवारीतच आकाशाकडे बघायला लागतात. पूर्वी मार्चच्या पहिल्या मंगळवारी, गावसभेच्या दिवशी तोट्या लावायची पद्धत होती म्हणे. आता तेवढं थांबलं तर हंगाम निम्मा हातचा जातो.

जाताना आबांनी त्या काळपट पाकाची एक बाटली मागून घेतली. आईच्या दोन साड्यांत गुंडाळून सामानात टाकली. कुणासाठी ते सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मे महिन्यात लग्न नसताना, मयत नसताना ते गावी गेले. पुढचं मला चुलतभावाने फोनवर सांगितलं. तात्या ओसरीवर बसले होते. आबांनी बाटली पुढे ठेवली आणि म्हणाले, "झाडाची काकवी आहे. मी सारली." तात्यांनी तळहातावर ओतून चाखली. खूप वेळ चाखली. मग अठ्ठावीस वर्षांनी आपल्या धाकट्या भावाला उद्देशून पहिलं सरळ वाक्य बोलले: "पातळ राहिली. जळण कमी पडलं काय तुला?"

(हे सगळं इथे टाकण्याआधी दोघांनाही फोनवर वाचून दाखवलं आहे. आबा म्हणाले, लिही की. तात्या म्हणाले, पातळच होती म्हणून लिही.)

पुढच्या वर्षी मी तात्यांसाठी एक बाटली मुद्दाम जास्त आटवली. शेजारचे आजोबा म्हणाले, ठरल्या अंशापुढे गेलीस तर साखर तळाशी बसेल. म्हटलं बसू दे, त्यांना घट्ट हवी आहे. बाटली पुण्याला गेली, तिथून एसटीने गावी. तोवर तळाशी हरभऱ्याएवढे स्वच्छ खडे धरले होते. नातवंडांनी बाटलीत चमचा घालून ते काढून खाल्ले. आठवड्याने तात्यांचा निरोप आला, आबांच्या तोंडून: "खडीसाखर पोचली. काकवी कधी पाठवतेस?"