सँडपिट, हौद आणि धूळपाटी

परवा मेलबर्नहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. वय वर्षे पाच. मराठी सगळे समजते, बोलताना मात्र गाडी मध्येच इंग्रजीच्या रुळावर जाते. "आजोबा, आज मी सँडपिटमध्ये केक केला." मी विचारले, "सँडपिट म्हणजे काय गं?" तिने आधी माझ्या अज्ञानाची कीव केली आणि मग म्हणाली, "सँडचा पिट!" पस्तीस वर्षे मुलांकडून व्याख्या पाठ करून घेतल्या, पण इतकी आटोपशीर क्वचितच मिळाली.

मग मराठीत काय म्हणावे ते शोधत बसलो. (निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय?) "वाळूचा खड्डा" म्हटले की आपल्याला नदीतला वाळूउपसा आणि रात्रीचे ट्रक आठवतात. इंग्रजीतही हा शब्द वाळूच्या खाणीला वापरतातच. अमेरिकेत मुलांच्या वाळूला सँडबॉक्स म्हणतात. तिथे बोस्टनमध्ये १८८५ साली मुलांना खेळायला वाळूचे ढीग टाकले, ती कल्पना बर्लिनहून आलेली. आमच्या लहानपणी असले काही नव्हते. कुणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्त्यावर पडायची, तिच्यात पाय खुपसून घरे करायची आणि गवंडी ओरडला की पळायचे.

मला सँडपिट भेटला तो मात्र मैदानी खेळांच्या नियमपुस्तकात. १९७९ साली शाळेत मी सगळ्यांत तरुण, म्हणून मराठी-इतिहासाबरोबर क्रीडा विभागही माझ्या गळ्यात पडला. लांब उडीचा हौद. रुंदी २.७५ ते ३ मीटर. वाळू मऊ, ओलसर आणि उडी घ्यायच्या फळीच्या पातळीत हवी. पुस्तकात हे एका ओळीत संपते. प्रत्यक्षात पावसाळ्यानंतर ती वाळू फरशीसारखी घट्ट बसते. कुदळीने खणावी लागते, पाणी मारावे लागते, मग फावड्याने सारखी करायची.

त्या वर्षी डिसेंबरात स्पर्धा होत्या. शिपाई रजेवर होता. माझ्या कामांच्या यादीत "हौद खणणे" असे होते, त्यापुढे मी न खणताच बरोबरची खूण केली. उद्या सकाळी बघू म्हटले आणि सकाळी पाहुण्यांच्या चहाच्या गडबडीत राहून गेले.

नववीतला एक मुलगा उजव्या हातावर पडला. मनगट मोडले. सहामाही परीक्षा झालेली होती एवढेच नशीब. वडील शेतमजूर. दवाखान्यात मलाच धीर देत म्हणाले, "गुरुजी, पोरं पडायचीच." मी मान हलवली. मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा सांगितले की मुलगा चुकीचा पडला. खोटे नव्हते. खरेही नव्हते.

हे आठवायचे कारण आमचा भाचा. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. नातीची गोष्ट सांगितल्यावर म्हणाला, "मामा, आमच्याकडेही सँडबॉक्स असतो. तिथे प्रोग्रॅम कितीही चुकला तरी बाहेरचं काही मोडत नाही." मी त्यावर काही बोललो नाही.

त्यानेच मग मराठी विकिपीडिया दाखवला. तिथे नवशिक्याने हात बसवण्यासाठी कोरे पान असते, त्याचे नाव "धूळपाटी". काय शब्द शोधलाय! जुन्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून मुले काडीने अक्षरे गिरवायची. चुकले की हात फिरवायचा, पाटी कोरी. धुळाक्षरे हा शब्द तिथलाच. आपल्याकडे जुन्या काळी अंकगणितालाही धूलिकर्म आणि पाटीगणित म्हणत. ज्या माणसाला सँडबॉक्ससाठी हा शब्द सुचला त्याला माझ्या वर्गात पैकीच्या पैकी गुण.

पण धूळपाटी लिहायची. तिच्यात उडी मारता येत नाही.

तो विद्यार्थी मागच्या वर्षी एका लग्नात भेटला. आता साठीचा आहे. वाकून नमस्कार केला तेव्हा मनगटाकडे लक्ष गेलेच, अजून किंचित वाकडे आहे. जेवणे झाल्यावर त्याला बाजूला घेतले आणि सांगून टाकले की हौद खणलेला नव्हता, चूक माझी होती.

तो हसला. "सर, ठाऊक होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोरं तिथंच होतो की."

"मग उडी कशाला मारलीस?"

"तुम्ही नाव पुकारलंत ना."

असो. नातीला तूर्त "वाळूचा हौद" असे सांगितले आहे. ती "हाऊद" म्हणते. कुणाकडे याहून चांगला शब्द असेल तर जरूर कळवा.