लाल डोऱ्यातली कॉफी

दक्षिण दिल्लीत शाहपूर जाट नावाचे एक गाव आहे. त्याला लागून असलेल्या वसाहतीत मी काही वर्षे भाड्याने राहतो आहे. घरच्या मंडळींना पत्ता सांगताना 'गाव' म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे वड, विहीर आणि मारुतीचे देऊळ उभे राहते. प्रत्यक्षात येथे अलाउद्दीन खिलजीने चौदाव्या शतकाच्या आरंभी वसविलेल्या सिरी नगरीच्या तटाचे अवशेष आहेत, चिंचोळ्या गल्ल्यांत दाटीने उभ्या इमारती आहेत आणि त्यांच्या तळमजल्यांवर माझ्या मासिक वेतनाची सहज खिल्ली उडविणारे लग्नाचे लेहंगे टांगलेले आहेत.

गावची शेते सरकारने संपादित केली. शेजारी १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी क्रीडाग्राम उभे राहिले. उरले ते गावठाण. महसुली नकाशात त्याभोवती लाल रेघ ओढीत, म्हणून उत्तरेकडे त्याला 'लाल डोरा' म्हणतात. १९६३ मध्ये अशा भागांना बांधकाम उपविधींतून सूट मिळाली. नियम नाहीत म्हणून घरे स्वस्त, घरे स्वस्त म्हणून जरीकामाचे कारागीर आले. कारागीर होते म्हणून वेशभूषाकार आले आणि वेशभूषाकारांच्या मागोमाग कॉफी आली. आता कारागिरांनाच भाडे परवडत नाही. लंडनमध्ये असेच घडत असता रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये त्यास 'जेंट्रिफिकेशन' हे नाव दिले. मी त्याला सभ्यीकरण म्हणतो. कारण त्यात कोणी कोणाला हाकलीत नाही, फक्त भाडे वाढते.

कॉफी एवढी महाग का, असे मी एकदा दुकानदारास विचारले. भाडे फार आहे, तो म्हणाला. १८१७ मध्ये रिकार्डोने नेमके उलट सांगितले होते: खंड जास्त म्हणून धान्य महाग नसते, धान्य महाग म्हणून खंड जास्त असतो. म्हणजे ही किंमत मोजणारी माणसे आहेत, म्हणून भाडे चढते. मी पैसे मोजले आणि कॉफी घेतली. (जानेवारी २०२४ पासून आमचा घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या २७ वरून ३० टक्के झाला, तेव्हा ही वार्ता वेतनशाखेच्या आधी माझ्या घरमालकास कळली होती.)

आमच्या फाटकाशी जांभळाखाली एक प्रेसवाला उभा असे. कोळशाची इस्त्री, लाकडी टेबल, बायको मदतीला. माझे सदरे तोच करी आणि कोणता सदरा सचिवांच्या बैठकीसाठी आहे, हे त्याला न सांगता कळे. मध्यंतरी वसाहतीच्या चिटणिसांना कोळशाचा धूर आणि 'एकूण देखावा' खटकू लागला. सरकारी भाषा तुम्हाला अवगत, असे म्हणून त्यांनी तक्रारीचा मसुदा माझ्याकडे सोपविला.

पथविक्रेत्यांविषयीचा २०१४ चा कायदा मला ठाऊक होता. रस्त्यावर सेवा पुरविणाराही त्यात येतो, आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास हटविता येत नाही, असे कलम ३(३) सांगते. तरीही मी मसुदा केला. 'सार्वजनिक मार्गावरील अनधिकृत अतिक्रमण' हे शब्द सवयीने उतरले. मसुदा म्हणजे निर्णय नव्हे, निर्णय सक्षम अधिकाऱ्याचा, अशी स्वतःची समजूत घातली. त्या सकाळी अंगात त्यानेच इस्त्री केलेला सदरा होता, हे नंतर ध्यानात आले.

पत्र सह्यांसाठी फिरत असतानाच तो एका रविवारी कपड्यांचे गाठोडे घेऊन दारात आला. ''साहब, कमरा छूट गया.'' गावातली त्याची खोली मालकाने रिकामी करून घेतली होती. तो संगम विहारला गेला. तेथून रोज येणे जमेना. त्या खोलीत आता सुगंधी मेणबत्त्या विकतात. माझ्या पत्राची गरजच पडली नाही, याचे मला हायसे वाटले आणि त्या हायसे वाटण्याची लाजही वाटली.

आता भ्रमणध्वनीवरून इस्त्रीवाला बोलवावा लागतो. तो दुप्पट पैसे घेतो, कपडे तिसऱ्या दिवशी देतो, आणि बैठकीचा सदरा त्याला ओळखता येत नाही. जांभळाखाली कुंड्या मांडल्या आहेत. गेल्या महिन्याच्या सभेत ठराव झाला की वसाहतीत माफक दरात इस्त्रीची सोय नाही, तरी ती करण्यात यावी. मसुद्याचे काम एकमताने माझ्याकडे आले आहे.