काळ्या तेलाचा भाव

पीट बेथ्यून नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाने २००८ साली ‘अर्थरेस’ ही बोट बायोडिझेलवर चालवत ६१ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याआधी पठ्ठ्याने लायपोसक्शन करून घेतलं आणि स्वतःच्या अंगातली चरबीही इंधनासाठी दिली. प्रसिद्धीचा हिशेब उघड आहे. एका माणसाच्या चरबीने टाकी थोडीच भरते!

रसायन मात्र खरं आहे. मी शिकलो केमिकल इंजिनिअरिंग, पोटापाण्यासाठी लिहितो कोड (आमची अर्धी बॅच हेच करते), पण एवढं अजून लक्षात आहे. चरबी शेंगदाण्याची असो, डुकराची नाहीतर माणसाची. रेणूची घडण तीच. ग्लिसरॉलच्या कण्याला लटकलेली तीन फॅटी आम्लं. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून साठेक अंशांवर ढवळत राहिलं की आम्लं कण्यापासून सुटतात आणि मिथेनॉलला चिकटतात. ते झालं बायोडिझेल. ग्लिसरीन जड, ते तळाशी बसतं.

गोची कच्च्या मालात आहे. चरबी जितकी खराब, तितकं तिच्यात पाणी आणि सुटी आम्लं जास्त. त्यात थेट कॉस्टिक टाकलं की इंधनाऐवजी साबण होतो. म्हणून आधी पाणी काढायचं, आम्लाची प्रक्रिया करायची, मग पुढचं. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपलखालच्या गटारात २५० मीटर लांब, १३० टनांचा चरबीचा गोळा सापडला. तेल-तूप, वेट वाइप्स, आणि पाण्यातल्या कॅल्शियमने चरबीचा केलेला दगडी साबण. माणसं आत उतरून फावड्यांनी आणि पाण्याच्या झोताने तो फोडत होती. त्यातल्या काही भागाचं बायोडिझेल झालं आणि एक तुकडा म्युझियममध्ये गेला. माझ्या मते कौतुक म्युझियमपेक्षा फावडेवाल्यांचं व्हायला हवं होतं. हेच तेल सिंकमध्ये ओतण्याआधी डब्यात भरलं असतं, तर निम्मं काम वाचलं असतं.

डब्यात भरतो माझा काका. त्याचं वडा-भजीचं दुकान आहे. एफएसएसएआयच्या नियमानुसार तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. असं तेल गोळा करून बायोडिझेलला पाठवायची ‘रुको’ योजनाही २०१८ पासून आहे. बायोडिझेलवाला काकाच्या दारापर्यंत येतो. पण आणखी एक जण येतो, आणि तो जास्त भाव देतो.

“काका, तो नेतो कुठे ते?”

“रोख देतो. मी कशाला विचारू?”

“बायोडिझेलवाल्याला परवडत नाही तो भाव याला कसा परवडतो?”

काका झारा निथळत राहिला. उत्तर त्यालाही माहीत आहे. काळं तेल गाळून, चांगल्यात मिसळून पुन्हा कुठल्यातरी कढईत गेलं, तर डिझेलपेक्षा जास्त पैसे सुटतात. म्हणजे स्पर्धा डिझेलशी नाहीच, कुणाच्यातरी पोटाशी आहे. इथे रसायनशास्त्राचा उपयोग संपतो.

“फरक तू भरणार का?” काकाने विचारलं.

मी फोनवर आकडे मांडले. महिन्याचा फरक माझ्या एका ऑनलाइन ऑर्डरएवढा निघाला. देतो म्हटलं, तर तो चिडला. “भिकारी समजतोस का रे?”

सध्या दोनातला एक डबा बायोडिझेलवाल्याकडे जातो. दुसऱ्याबद्दल आमची बोलणी चालू आहेत.