साठ फुटांच्या कड्याने वसवलेलं गाव

नायगारा पाहून बहुतेक मंडळी बफेलोमार्गे परततात. आम्ही पूर्वेकडे वळलो आणि सफरचंदाच्या बागांमधून अर्ध्या-पाऊण तासात लॉकपोर्टला पोहोचलो. नायगारा ज्या कड्यावरून कोसळतो, तोच कडा या गावाच्या मधोमध येतो. त्याच्यापायीच हे गाव जन्माला आलं.

हडसन नदी ते ईरी सरोवर असा ३६३ मैलांचा कालवा १८१७ मध्ये खोदायला घेतला, तेव्हा विरोधक त्याला ‘क्लिंटनचा चर’ म्हणून हिणवत. गव्हर्नर डीविट क्लिंटन मागे हटले नाहीत. पण या कड्यापाशी नावा साठ फूट वर चढवायच्या कशा? अभियंता नेथन रॉबर्ट्स यांनी एकावर एक पाच लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. नाव आत घ्यायची, दरवाजा लावायचा, वरून पाणी सोडायचं. नाव बारा फूट उचलली जाते. चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या नावांसाठी अशा दोन रांगा शेजारी-शेजारी होत्या.

याहून बिकट काम कड्याच्या माथ्यावर होतं. सरोवराचं पाणी इथवर आणायला मैलोन्‌मैल कातळ फोडावा लागला. सुरुंगाची दारू ठासायची, उडवायची, आणि घोड्यांनी ओढलेल्या लाकडी याऱ्यांनी दगड वर काढायचा. राबणाऱ्यांत आयरिश मजूर फार होते. उडालेले दगड घरांवर येऊन पडत. त्या कापलेल्या भिंती पाहताना मला रॉबर्ट्सपेक्षा या मजुरांचंच मोठेपण अधिक जाणवलं.

मूळच्या सेनेका लोकांच्या या भूमीवर १८२१ मध्ये जंगल आणि मोजकीच घरं होती. मजुरांमागोमाग दुकानं आली, खाणावळी आल्या. १८२२ मध्ये लॉकपोर्ट नायगारा काउंटीचं मुख्य ठिकाण झालं. २६ ऑक्टोबर १८२५ ला कालवा खुला झाला. पुढे त्याच्या जादा पाण्यावर गिरण्या फिरू लागल्या. १८६५ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला.

आज दिसणारी पाच लॉकची रांग १८४० च्या दशकातल्या रुंदीकरणाची आहे. शेजारची रांग काढून विसाव्या शतकात दोन मोठे लॉक बसवले. नावा आता त्यांतून जातात. नायगाराला जाल तेव्हा अर्धा दिवस लॉकपोर्टसाठी नक्की राखून ठेवा. मात्र उन्हाळ्यातच जा. हिवाळ्यात इथल्या कालव्याचं पाणी सोडून देतात.