परीक्षकाची परीक्षा

यंदाच्या स्नेहसंमेलनाचे निमंत्रण लिहिण्याचे काम आम्हा दहावीच्या मुलांकडे आले. आम्ही त्यासाठी डार्विनचा मार्ग धरला! १८५९ साली त्याने निसर्गातील निवडीचे तत्त्व मांडले. १९७५ साली जॉन हॉलंड यांनी आपल्या ग्रंथात तेच संगणकासाठी विशद केले. अनेक नमुने करावे, सरस तेवढे राखावे, त्यांत फेरफार करून पुन्हा निवडावे, अशी ही रीत. सरस कोणते, हे ठरविण्यास आम्ही संगणकावरील भाषा-प्रतिमान परीक्षक नेमले.

आठ मसुद्यांतून दोन निवडावयाचे, त्यांवरून नवे आठ करावयाचे. पाचव्या फेरीस गुण वाढले, निमंत्रणही अलंकारांनी नटले. एका मित्राच्या आजींना ते हर्षाने वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, “छान आहे हो, पण बाळांनो, यायचं कधी?” दिवस आणि वेळ केव्हाच गळून गेली होती!

असे परीक्षक लांबलचक मजकुरास व आधी दाखविलेल्यास झुकते माप देतात, असे २०२३ सालच्या संशोधनात आढळले आहे. आम्ही दोन मसुद्यांचा क्रम बदलताच निकालही बदलला. पण यंत्रास काय हसावे? गुणांसाठी निबंधात सुभाषिते कोंबणारे आम्हीच ना! निवडणाऱ्याची जशी आवड, तसेच पीक येते. म्हणून शेवटची निवड आम्ही आजींवर सोपविली.