घसा बसला तर

शिक्षकाचें सारें भांडवल म्हणजे त्याचा आवाज. वाशिमास आम्ही तीस वर्षें संस्कृत शिकविलें. घसा बसला तर ज्येष्ठमध चघळावा व चार दिवस मौन धरावें, हा आमच्या घरचा परिपाठ. परंतु दोन वर्षांमागें महिना उलटला तरी आवाज सुटेना. मनुष्यास स्वतःचा आवाज नीट ऐकूं येत नाहीं. तो पालटल्याचें प्रथम सूनबाईंच्या ध्यानीं आलें. त्यांच्या आग्रहावरून आम्ही घशाच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं नाकावाटे दुर्बीण घालून डाव्या स्वरतंतूवरील पांढुरका चट्टा दाखविला. तुकडा तपासतां कर्करोग निघाला; मात्र अगदीं पहिल्या पायरीचा.

या रोगाचा एक गुण मान्य केला पाहिजे. स्वरतंतूवर तो उगवतांच आवाज घोगरा होतो; म्हणजे चोर शिरतांच दाराची कडी वाजते. तेथें लसिकावाहिन्याहि थोड्या, म्हणून तो लवकर पसरत नाहीं. कडी ऐकून उठलें पाहिजे, इतकेंच. जर्मनीचा सम्राट तिसरा फ्रेडरिक याचा आवाज असाच बसला होता. १८८७ सालीं शस्त्रक्रिया ठरली, परंतु वैद्यांत मतभेद होऊन ती राहिली. १८८८ च्या मार्चांत तो गादीवर आला तेव्हां त्याची वाचा गेलेली होती, आणि ९९ दिवसांत त्याचा अंत झाला.

आज गळ्यास बाहेरून सुरी लागत नाहीं. भूल देऊन तोंडावाटे नळी घालतात व सूक्ष्मदर्शकांतून पाहत लेसरच्या किरणानें रोगट भाग कापून काढतात. किरणोपचारानेंहि गुण तितकाच येतो. पण त्यासाठीं पांच-सहा आठवडे जवळजवळ रोज रुग्णालय गांठावें लागतें. वाशिमकरानें मुंबईंत इतके दिवस बिऱ्हाड कोठें करावें? शिवाय शस्त्रक्रियेनंतर रोग उलटलाच, तर किरणोपचार हातचा राहतो. हा विचार करून आम्ही परळच्या टाटा रुग्णालयांत, जें १९४१ पासून याच रोगाशीं झुंजत आहे, शस्त्रक्रिया करविली. आवाज थोडा खरखरीत राहिला; प्लुत स्वर पूर्वीसारखा लांबत नाहीं. तथापि नातवास शब्दरूपें सांगतांना ऱ्हस्वदीर्घ स्पष्ट उमटतात, हें आम्हांस पुरेसें आहे.

पहिल्या पायरीवर दहांपैकीं सुमारें नऊ रोगी बरे होतात. धूम्रपान हें या रोगाचें मुख्य कारण, मद्य त्याचें साहाय्यक. परंतु आपल्या घरांत वडीलधाऱ्यांच्या विडीविषयीं वा घशाविषयीं बोलणें मर्यादाभंग समजतात. वाचकहो, तीन आठवड्यांत आवाज सुटला नाहीं, तर ज्यास तो ऐकूं येतो त्यानें बोलावें, आणि वडिलांनीं तें ऐकावें.